न झालेल्या वर्षाची वाइन

ब्रिस्टलमधल्या एका वाइन विकणाऱ्या कंपनीत मी तीन वर्षं नोकरी केली आणि त्या काळात स्वतः ग्लासभर वाइन धड संपवली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते दारूच्या अमलाखाली घडलं असं कुणाला वाटायला नको. जे केलं ते पूर्ण शुद्धीवर राहून आणि चांगलं शिक्षण झालेलं असताना केलं.

दोन हजारच्या दशकाचा मधला काळ होता. अख्खी दुनिया इंटरनेटवर जाऊन स्थायिक झाली होती, तेव्हा आमच्या मालकांना कॉम्प्युटरचा शोध लागला. मालक सातव्या पिढीचे. बंदराजवळ एक जुनी दगडी इमारत, तळघरात बाटल्या, वर ऑफिस आणि दोन्हीकडे सारखीच ओल. ती ओलही बहुधा सातव्या पिढीची असावी. इतक्या पिढ्यांनी कागदावर चालवलेलं सगळं मशीनवर चढवायला कुणीतरी हवं होतं. त्या पगारात हे काम करायला तिथला कुणी तयार होईना, म्हणून त्यांनी नाशिकच्या एका मुलीचं वर्क परमिट काढलं. परमिट त्या कंपनीच्या नावाचं. नोकरी गेली की परमिट गेलं, आणि परमिट गेलं की सरळ विमानतळ. माझा नवरा माझा डिपेन्डन्ट म्हणून आला होता. तो रोज पहाटेच्या ट्रेनने रीडिंग शहरात जाऊन माझ्यापेक्षा जास्त पगार आणायचा, पण व्हिसाच्या हिशेबाने तो माझ्या पदराला बांधलेला होता. ही गोष्ट सासूबाईंना आम्ही कधीच नीट समजावून सांगितली नाही.

कंपनीची खरी दौलत म्हणजे तिची यादी. दर वसंतात एक छापील पुस्तिका निघायची. कोणती वाइन, कुठल्या बागेची, कुठल्या वर्षाची, चव कशी, असं सगळं तिच्यात असायचं. ती देशभरातल्या निवृत्त न्यायाधीशांना, डॉक्टरांना आणि बिशपांना पोस्टाने जायची आणि ते लोक म्हणे ती झोपताना वाचायचे. ही यादी करणारे एक गृहस्थ होते. आम्ही घरी त्यांना ‘यादीवाले’ म्हणायचो, इथेही तेच म्हणते. वय बासष्ट, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेलं जाकीट, आवाज इतका हळू की त्यांच्याशी बोलताना आपण ओरडतोय असं वाटावं. चाळीस वर्षं त्यांनी ही यादी केली होती, आणि ते चाळीस वर्षांचं काम मशीनमध्ये घालायला मला आणलं होतं. मशीन चालू झाल्यावर यादीवाल्यांचं काय, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. इंग्रज माणूस ज्या गोष्टीबद्दल बोलत नाही ती ठरलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

यादीवाल्यांनी मला कधी दुखवलं नाही. कधी ‘नाही’ असंही म्हणाले नाहीत. पहिल्या महिन्यात मी सगळ्या लाल वाइन्स किमतीप्रमाणे लावून दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले, “हे फारच धाडसी आहे.” मी घरी जाऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. धाडसी म्हणजे मूर्खपणाचं, हे समजायला मला आणखी दोन महिने लागले.

यादीच्या शेवटी एक खास पान असायचं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या दक्षिणेला एक द्राक्षबाग आहे. ती एकाच घराण्याकडे इतकी वर्षं आहे की त्यांच्यापुढे आमचे मालक म्हणजे कालचं पोर. ते लोक फक्त गोड वाइन करतात, जेवण झाल्यावर छोट्या ग्लासातून घ्यायची. इंग्लंडात ती विकायचा मान आमच्या एकट्या कंपनीला होता. लेखी करार नव्हता. कुणाच्या तरी पणजोबांनी कुणाच्या तरी पणजोबांशी हात मिळवला होता, त्यावर सगळं चाललं होतं. कंपनीचं पोट बाकीच्या वाइन्सवर भरायचं, पण ती ताठ मानेने चालायची ती या एका पानामुळे.

ही वाइन कशी करतात ते यादीवाल्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला वाटलं, माणूस नव्या मुलीची फिरकी घेतोय. त्या बागेत द्राक्षं पिकली तरी तोडत नाहीत. त्यांना बुरशी लागायची वाट बघत बसतात. शरदात सकाळी नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं, आणि राखाडी बुरशी मण्याची साल पोखरून आतलं पाणी शोषून घेते. मणी सुरकुततो आणि आत गोडवा तेवढा उरतो. पण सगळ्या मण्यांना ती एकदम लागत नाही. म्हणून तोडणारी माणसं त्याच बागेतून पाच-सहा वेळा फिरतात आणि दर फेरीला फक्त नीट सडलेले मणी वेचतात. नीट सडलेले! एका वेलीची जेमतेम एक ग्लास वाइन होते.

माझे बाबा नाशकात द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होते. तिथे बायका कात्री घेऊन घडातला एकेक खराब मणी काढत बसायच्या, आणि एखादा डागी मणी पेटीत राहून गेला तर त्या दिवशी बाबांना घरी जेवण जायचं नाही. रविवारच्या फोनवर मी त्यांना हे सगळं सांगितलं.

“बुरशी लागलेली?” बाबा म्हणाले. “आणि गिऱ्हाईक घेतं?”

“रांग लावून घेतं, बाबा.”

 “मग आम्ही तीस वर्षं उलटंच करत आलो म्हणायचं,” ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

वाइन मी चाखलीही. मालकांनी स्वतः बाटली उघडली, सगळं ऑफिस डोळे मिटून उभं राहिलं. मला ती जिलेबी संपल्यावर ताटात उरलेल्या पाकासारखी लागली. कशी आहे विचारल्यावर मी “गोड आहे” म्हणाले. सगळे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी सूर्याला गरम म्हटलं होतं.

तर ते पान. वर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं की आमच्या कंपनीने या बागेची वाइन एकही वर्ष न चुकता घेतली आहे. खाली वर्षांचा उभा रकाना. आणि त्या रकान्यात एक वर्ष नव्हतं. अलीकडचं होतं, पलीकडचं होतं, मधलं गायब. मी जो फॉर्म तयार केला होता त्यात अशा ठिकाणी लाल चौकोन उमटायचा. पूर्ण यादी साफ करत करत मी शेवटच्या पानाशी आले तेव्हा तेवढा एकच लाल चौकोन उरला होता आणि तो रोज सकाळी माझ्याकडे डोळे वटारून बघायचा.

कुणीतरी टाइप करताना एक ओळ गाळली, असा मी निष्कर्ष काढला. जिथे सात पिढ्यांची ओल निघालेली नाही तिथे एका ओळीचं काय! मी वर्ष भरलं. चवीच्या रकान्यात अलीकडच्या वर्षातला मध आणि जर्दाळू घेतला, पलीकडच्या वर्षातली संत्र्याची साल घेतली, आणि बारावीला इंग्रजीत चांगले मार्क होते त्याला जागून पदरचं ‘दैवी, सोनेरी’ घातलं. उपलब्ध बाटल्या बारा. लाल चौकोन गेला. दिवाळीची साफसफाई उरकल्यासारखं वाटलं.

यादीवाले माझ्यापासून चार पावलांवर बसत. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण विचारलं तर मग आपली हुशारी ती काय राहिली?

छापण्याआधी प्रूफ त्यांच्याकडे गेलं. दोन दिवस त्यांनी ते ओळ न् ओळ वाचलं, प्रत्येक पानाखाली सही केली आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. जाता जाता थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “शेवटच्या पानावरच्या त्या एका वर्षाबद्दल मला किंचित कुतूहल वाटलं. तुम्हाला कधी निवांत वेळ मिळाला तर बघा. घाई अजिबात नाही.”

घाई अजिबात नाही! आमच्याकडे चूक सापडली तर माणूस गेटापासून बोंबलत येतो, म्हणजे निदान वाटेतल्या चार जणांना तरी कळतं. मला निवांत वेळ काही मिळाला नाही. मी “शुअर,” म्हणाले आणि यादी छापायला पाठवली.

आठवड्याभरात त्या वर्षासाठी ऑर्डरी यायला लागल्या. इतर कुठल्याच वर्षाला एवढी मागणी नव्हती. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की ही वाइन आपण तरुणपणी एका मेजवानीत प्यायलो होतो, ‘दैवी, सोनेरी’ हे तिचं अगदी नेमकं वर्णन आहे, आणि बाराच्या बारा बाटल्या आपल्यालाच हव्यात. मला इतका आनंद झाला की ते पत्र मी माझ्या टेबलासमोर पिनेने लावून ठेवलं.

सोमवारी फ्रान्सहून फॅक्स आला. बागेच्या मालकीणबाईंना रिवाज म्हणून दर वर्षी यादीची एक प्रत जायची. त्यांनी लिहिलं होतं: “त्या वर्षी आम्ही वाइन केली होती हे वाचून आनंद झाला. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कृपा करून एक बाटली बाजूला ठेवा. गुरुवारी मी स्वतः चाखायला येत आहे.”

मालकांनी सगळ्यांना वर बोलावलं. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्या बागेत ज्या वर्षी चांगली बुरशी येत नाही त्या वर्षी ते वाइनच करत नाहीत, हे त्यांनी आम्हाला सांगितलं, म्हणजे खरं तर मलाच सांगितलं, कारण बाकीच्यांना ते माहीत होतं. ‘न चुकता’ म्हणजे जेव्हा जेव्हा झाली तेव्हा तेव्हा. जी वाइन जन्माला आलीच नाही ती आम्ही विकायला काढली होती. बाई आता येणार त्या पणजोबांनी मिळवलेला हात सोडवून घ्यायलाच.

“प्रूफ कुणी पास केलं?” मालकांनी विचारलं. पानाखाली सही होतीच.

यादीवाले उठून उभे राहिले, जाकिटाचं बटण लावलं आणि म्हणाले, “चूक माझी आहे.” माझ्याबद्दल अवाक्षर नाही.

“गुरुवारनंतर आपण जरा बोलू या,” मालक अगदी प्रेमाने म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. माझ्या परमिटची मुदत संपत आली होती आणि ती वाढवून घ्यायला क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला पाठवायचं पत्र मालकांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. याहून चांगलं कारण शोधायचा मी पुढे पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

पोस्टाचं काम बघणाऱ्या बाईंनी दुपारी चहाच्या वेळी मला आणखी माहिती पुरवली. यादीवाल्यांना पूर्ण पेन्शन मिळायला अजून तीन वर्षं होती. बायकोची नजर गेलेली. संध्याकाळी घरी जाऊन ते तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतात, आधी हवामान, मग मृत्यूच्या बातम्या. “बिचारा,” बाई म्हणाल्या, “चाळीस वर्षांत एक चूक!” आणि मला बिस्किट दिलं.

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं.

“अगं, लेटर आधी साइन होऊ दे,” तो म्हणाला. “क्रॉयडनहून पासपोर्ट परत येऊ देत. मग कर ना काय कन्फेस करायचंय ते.”

“तोपर्यंत त्यांची नोकरी जाईल.”

“जस्ट बोलू या म्हणालाय ना तो?”

“इथे ‘जरा बोलू या’ म्हणजे काय ते तुला माहितेय.”

त्याने ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. मग म्हणाला, “आपणही इथे फुकट नाही आलोय गं.” हे खरं होतं, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

मंगळवारी मी तळघरातल्या कपाटातून त्या बागेची फाइल काढली. दर वर्षी सुगी झाली की मालकीणबाईंचं, त्याआधी त्यांच्या वडिलांचं, हाताने लिहिलेलं फ्रेंच पत्र यायचं, यंदा पाऊस कसा होता, किती फेऱ्या झाल्या. प्रत्येक पत्राला टाचणीने जोडलेलं इंग्रजी भाषांतर, बारीक सुंदर अक्षरात. अक्षर यादीवाल्यांचं. माझ्या त्या वर्षाचं पत्र सगळ्यात छोटं होतं. भाषांतरात एवढंच होतं: “यंदा काही नाही.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत होतं, म्हणून मला सांगायला आले, मी ऐकलं नाही, आणि तरीही दोष स्वतःवर घेऊन उभे राहिले. मी फाइल मिटून तिथेच पायरीवर बसले. मला स्वतःची शिसारी आली. असा संत माणूस माझ्यासाठी सुळावर चाललाय आणि मी सहीच्या पत्राकडे डोळे लावून बसलेय! दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. एवढं करून बोलले मात्र नाही.

गुरुवारी बाई आल्या. मला वाटलं होतं, मोत्यांची माळ आणि उंच टाचा. आल्या त्या जाड तळाचे बूट घालून, बोटांवर कात्रीच्या जुन्या खुणा. अशी बोटं मी बाबांच्या पॅकहाउसमध्ये खूप पाहिली होती, त्यामुळे माहेरचंच कुणीतरी रागवायला आलंय असं वाटून मला जास्तच धडकी भरली.

वरच्या खोलीत जेवणाचं टेबल मांडलं होतं. मालक, यादीवाले, आणि मशीनबद्दल काही विचारलं तर सांगायला मी. मालक सूपपासूनच माफी मागत होते. बाई सगळं सावकाश, चवीने जेवल्या. चीज आलं तेव्हा म्हणाल्या, “आता ती बाटली आणा.”

मालकांनी सातही पिढ्यांच्या वतीने पुन्हा माफी मागितली. बाईंनी हात झटकला.

“त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “ऑक्टोबरभर पाऊस. पावसात येते ती बुरशी निराळी, ती नुसती सडवते. पहिल्या फेरीत अर्धी टोपली आली. वडिलांनी वास घेतला आणि टोपली उकिरड्यावर ओतली. दुसऱ्या फेरीत अर्धी टोपलीसुद्धा नाही. माणसांना पूर्ण मजुरी देऊन घरी पाठवलं. आसपासच्या लोकांनी साखर घालून वाइन केली आणि विकली, कुणाला कळलंही नाही. वडिलांनी केली नाही. त्या हिवाळ्यात माझं लग्न होतं, ते पुढे ढकललं. मुलगा काही थांबला नाही.” त्यांनी चीजचा तुकडा कापला. “पुढे ज्याच्याशी केलं तो त्याहून वाईट निघाला, पण ते जाऊ द्या.”

हसायचं की नाही ते कुणालाच कळेना. मालक पाणी प्यायले.

“त्या वर्षाचं आमच्याकडे काही नाही,” बाई म्हणाल्या. “आणि त्याचाच आमच्या घरात सगळ्यात जास्त अभिमान आहे. त्याच्या तुम्ही बारा बाटल्या विकायला काढल्यात.”

मग त्यांनी पिशवीतून यादी काढली, चष्मा लावला आणि माझं वर्णन मोठ्याने वाचलं. मध, जर्दाळू, संत्र्याची साल. ‘दैवी, सोनेरी’पाशी थांबल्या. “हे कुणी लिहिलं?”

“मी,” यादीवाले म्हणाले.

“खोटं. तीस वर्षं मला तुमची पत्रं येताहेत. तुम्ही आजवर कशालाच दैवी म्हटलेलं नाही. आमच्या सगळ्यात उत्तम वर्षाबद्दल तुम्ही लिहिलं होतं, ‘वाईट नाही’. वडिलांनी ते पत्र चौकटीत लावलं होतं.”

त्यांची नजर टेबलावरून फिरली. इथे माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण खोलीत उरलो होतो मी आणि मालक, आणि मालकांनी जन्मात सहीखेरीज काही लिहिलेलं नव्हतं.

“मी लिहिलं,” मी म्हणाले.

एकदा तोंड उघडल्यावर मग मी सगळंच सांगितलं. लाल चौकोन, न विचारता भरलेलं वर्ष, पदरचं विशेषण. यादीवाल्यांनी मला सावध केलं होतं आणि मी कानाआड केलं, हेही. ते आपल्या ताटाकडे बघत होते. बोलता बोलता मी रडायला लागले, आणि रडले ती पश्चात्तापाने की परमिटच्या भीतीने ते मला आजही सांगता येणार नाही. पण लाज वाटली ती खरी होती.

“तुला रिकामी जागा बघवली नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“माझ्या वडिलांनाही बघवायची नाही,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी रिकाम्या पिंपांपाशी जाऊन उभे राहायचे.” मग माझ्यापुढे नॅपकिन सरकवला आणि मालकांना म्हणाल्या, कॉफी कडक हवी.

हात सुटला नाही. बाईंनी शिक्षा एवढीच दिली की ऑर्डर पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतःच्या हाताने पत्र लिहून खरं काय ते कळवायचं. मी सगळी पत्रं लिहिली. सगळ्यांनी समजून घेतलं, फक्त न्यायाधीशांनी उलट टपाली कळवलं की आपण दिलेला निकाल फिरवत नसतो, ती वाइन आपण प्यायलो आहोत.

दुसऱ्या दिवशी मालकांनी माझ्या पत्रावर सही केली. “चुका होतात,” म्हणाले. मला भरून आलं. खाली येऊन टेबलाशी बसल्यावर ध्यानात आलं की ते मशीन चालवता येणारी त्या इमारतीत मी एकटीच होते. तेवढ्यासाठी कुणी दैवी, सोनेरी गुन्हेही माफ करील.

आणि यादीवाल्यांना बोलावलं ते बोलावलंच. दहा मिनिटांत ते बाहेर आले आणि जागेवर जाऊन पुढच्या वर्षाचे कागद लावायला लागले. मग मालकांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, की मनाला लावून घेऊ नकोस, त्या चुकीचा याच्याशी काही संबंध नाही. मशीन घेतलं तेव्हाच ठरलं होतं. शरदात ते निवृत्त होणार, पेन्शन जवळपास पूर्ण, शिवाय एक पेटी वाइन. म्हणजे मी एवढं हरिश्चंद्राच्या थाटात जे सत्य बोलले त्याने त्यांची नोकरी एका दिवसानेही वाढली नव्हती. बैल गेला आणि झोपा केला, तोही बैल आधीच विकलेला असताना.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी घरून नारळाच्या वड्या करून नेल्या. दुपारी ऑफिस रिकामं झालं तेव्हा त्यांच्या टेबलाशी गेले. ते खोक्यात पुस्तकं भरत होते. मी म्हणाले, “तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही.” हे वाक्य मी ट्रेनच्या स्टेशनापासून घोकत आले होते.

त्यांनी वडी घेतली, अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदावर ठेवली.

“तुम्ही बाईंना सांगितलंत की मी तुम्हाला सावध केलं होतं,” ते म्हणाले. “मी केलं नव्हतं.”

“केलं होतंत की. मीच लक्ष...”

“त्या पत्राचं भाषांतर मी केलेलं आहे. ती ओळ मला पहिल्याच नजरेत दिसली होती. तिच्यावर एक रेघ मारायला किती वेळ लागला असता? मी मारली नाही. खाली सही केली आणि तुमच्यापाशी येऊन अशा बेताने बोललो, की तुम्हाला ऐकू जाईल पण कळणार नाही. चाळीस वर्षांत एवढं जमतं माणसाला.”

हातातला वड्यांचा डबा मी टेबलावर ठेवला.

“मला वाटलं, छापून येऊ दे. मशीन काय करतं ते यांना एकदा दिसू दे. मग यादी परत माझ्याकडे येईल.” ते खोक्याचं झाकण दाबून बसवत होते. “तुमच्या परमिटचं मला ठाऊक होतं.”

मला इतका राग आला की कान तापले. दोन दिवस या माणसासाठी मी उपाशी राहिले होते! त्याला संत म्हणून मनातल्या मनात ओवाळलं होतं. माझा संसार विमानात बसवायला निघाला होता हा, तोही हळू आवाजात, घाई अजिबात नाही म्हणत. पण त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला पक्कं माहीत होतं. मी तर रेघ मारली नसतीच, वर कुतूहलही दाखवलं नसतं. एक गोष्ट मात्र काही केल्या जुळेना.

“मग सोमवारी सगळ्यांसमोर चूक माझी, असं कशाला म्हणालात?” मी विचारलं. “मी तर गप्पच होते. माझं नाव घेतलं असतंत तर तुम्हाला हवं तेच झालं असतं.”

त्यांनी जरा नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

“कारण ती माझीच होती,” ते म्हणाले.